गंधार ३.८६

खिडकीची जागा मिळालीय, बसून घ्या. भोर सुटलं की एसटीच्या काचा थडथडायला लागतील, सीटच्या उसवलेल्या रेक्झिनमधला काथ्या मांडीला टोचेल आणि वाटेत चढलेली एक बाई करवंदांची पाटी सरळ तुमच्या पायांवर टेकवील. पाय काढून घेऊ नका, दुसरीकडे जागाच नाही. साल १९८८, मे महिना, दुपारचे दोन. डिझेल, घाम, तंबाखू आणि पिकली करवंदं या सगळ्यांचा मिळून एकच वास झालाय. कंडक्टर चिमटा टिकटिक वाजवत गर्दीतून वाट काढतोय. तुमच्या मांडीवर एक चपटा खोका आहे. तो सांभाळा.

"काय हाय त्यात?" बाई विचारणारच.

"कॉम्प्युटर," सांगून टाका.

"लय बारका हाय की," म्हणेल आणि मूठभर करवंदं तुमच्या हातावर ठेवील. खा. चीक ओठांना चिकटेल, पण खा.

खोक्यात डीबी स्पेक्ट्रम प्लस आहे. इंग्लंडातल्या सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम १९८६ पासून डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी परवाना घेऊन आपल्याकडे विकते, तोच हा. काळा कळफलक, त्याच्याच पोटात सगळं यंत्र, ४८ के मेमरी. पडदा त्याला स्वतःचा नाही. घरचा टीव्ही हाच पडदा. साठवायला टेपरेकॉर्डर. आणि आवाजासाठी कळफलकाखाली एक पिटुकला स्पीकर. त्या स्पीकरसाठी तर आपण आंबवड्याला चाललोय.

उतरलात? ऊन टाळूवर बसलंय, समोर रायरेश्वराचं पठार तापलेल्या हवेत थरथरताना दिसतंय. खोका डोक्यावर धरू नका, पोटाशी धरा. पोरं वाट बघत उभीच आहेत आणि ती तुम्हाला घरी नेण्याआधी पुलावर नेणार. पाहुण्याला पूल दाखवल्याशिवाय आंबवड्यात कुणी पुढं जाऊ देत नाही. भोर संस्थानानं बांधलेला, जिजीसाहेबांच्या नावाचा हा झुलता पूल. पोरं मुद्दाम पाय आपटत पळतात, पूल हलतो, तुमच्या पोटात गोळा येतो आणि हात आपोआप खोक्याभोवती आवळले जातात. पलीकडे झाडी एवढी दाट की उन्हातून आत शिरल्याबरोबर घाम गार पडतो. नागेश्वराच्या देवळात कुणीतरी घंटा वाजवतं. ऐका नीट. एक जाडा सूर, त्यावर एक धारदार, त्याच्याही वर एक बारीक, बराच वेळ रेंगाळणारा. घंटेत एकाच वेळी असे कितीतरी सूर बोलतात. तुमच्या खोक्याला एका वेळी एकच सूर येतो, तेव्हा घंटा काढायचा नाद आत्ताच सोडून द्या. दुसरं खूप काही निघणार आहे.

घर. चौकट बुटकी आहे, वाका. सोप्याची जमीन शेणानं सारवलेली, तळपायांना थंड लागते. चुलीचा धूर, कैरीच्या लोणच्याचा खार, कोपऱ्यातल्या कांद्यांच्या ढिगाचा उग्र दर्प. आजी गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी पुढं करतात. आबा ओट्यावरून उठत नाहीत, नुसते मान हलवतात. ते गावच्या भजनी मंडळाचे पेटीवाले. त्यांच्याकडं लक्ष असू द्या, पुढं काम पडणार आहे.

टीव्ही आज मोकळा आहे, घाई करा. उद्या रविवार, आणि सकाळी साडेनऊला रामायण लागलं की आख्खी आळी या सोप्यात बसेल. तेव्हा टीव्हीची वायर काढायला गेलात तर आजी तुम्हाला ओळख दाखवायच्या नाहीत. अँटेनाची वायर काढा, स्पेक्ट्रमची लावा, चकती सावकाश फिरवत रहा. मुंग्या, मुंग्या, आडव्या पट्ट्या, आणि मग एकदम पांढरा स्वच्छ पडदा. तळाला इंग्रजीत एक ओळ: सिंक्लेअर रिसर्च, १९८२. सोप्यात जमलेली पोरं पुढं सरकतात. आता तुमच्या मानेवर किमान चार जणांचा श्वास आहे, त्यातल्या एकानं कच्चा कांदा खाल्लाय.

कळफलक गोधडीवर ठेवू नका. यंत्र खालून तापतं, गोधडीत त्याचा जीव गुदमरेल. पाटावर ठेवा. पाटाखाली तेलाचा रिकामा डबा आडवा घातलात तर आणखी बरं. स्पीकर तळाशी आहे, पत्रा घुमतो, आवाज ओट्यापर्यंत जातो. विजेचा काळा अडॅप्टर हात लावून बघा, चांगलाच कढत झालाय. तो उघड्या जमिनीवर असू द्या.

आता वाजवायचं. इथं अक्षर-अक्षर जोडून शब्द लिहायचा नसतो. एकेका कळेवर चार-चार आज्ञा छापलेल्या आहेत आणि कोणती हवी ते आधी यंत्राला सांगावं लागतं. एक्स्टेंड मोड दाबा, मग सिंबल शिफ्ट धरून झेड. पडद्यावर आख्खा शब्द उमटतो: बीप. त्यापुढं दोन आकडे द्यायचे. पहिला आकडा सेकंद, दुसरा सूर. शून्य म्हणजे पांढरी एक. एक म्हणजे काळी एक, दोन म्हणजे पांढरी दोन, असं पट्टी-पट्टीनं वर. खाली जायचं तर उणे.

बीप १, ०

एंटर.

टूऽऽऽ. कोंबड्या ओट्यावरून उडाल्या. पोरं किंचाळली. आवाज गोड नाही, नाकातला आहे, कडा असलेला आहे. कसा असणार दुसरा? या यंत्रात गाण्यासाठी वेगळी चिप नाही. मुख्य प्रोसेसर स्वतःच स्पीकरला सेकंदाला सुमारे २६१ वेळा आत-बाहेर ढकलतो आणि तेवढा वेळ दुसरं काहीही करत नाही. सूर चालू असताना कळा दाबल्या तरी त्याला पत्ता लागत नाही, पडदा हलत नाही. सगळा जीव एका सुरात. मला या यंत्राबद्दल जी माया आहे, ती याच गोष्टीमुळे.

पोरांना आवर घालायचा तर त्यांना एक खेळ द्या: बीप १, -६०. सूर फुटतो आणि नुसती टकटक ऐकू येते. सूर खाली-खाली नेला की त्याचे सुटे ठोके होतात, हे पाठ्यपुस्तकातून कळायला किती दिवस गेले असते! इथं कान लावला की झालं. आणि पोक २३६०९, ५० असं दिलंत की प्रत्येक कळ दाबताना नेहमीच्या बारीक 'टिक'ऐवजी 'टुक' होतं. पुढचा अर्धा तास तुम्हाला कळफलक मिळणार नाही. मिळू द्या त्यांना. आजी तोवर चहा टाकतात.

चहा होईपर्यंत आबा उठून आत आलेले असतात. ते पडद्याकडं बघत नाहीत. मान तिरकी करून पाटाखालच्या डब्याकडं बघतात.

"पाव्हणं, ह्याची पट्टी कंची?"

इथं नीट उत्तर द्या. "तुमची असेल ती, आबा."

"माझी काळी दोन."

काळी दोन म्हणजे ३. लेट एस = ३ असं लिहा आणि यापुढं कोणताही सूर लिहिताना त्यात एस मिळवा. पट्टी बदलली तर एकच आकडा बदलायचा, बाकी गाणं तसंच राहतं. ज्यानं हे पहिल्याच दिवशी केलं नाही, त्याला दुसऱ्या दिवशी सगळे आकडे पुन्हा घालावे लागले, हे लक्षात ठेवा.

आबा पेटी काढतात. वरचं धडप सोडतात, लाकडाचा आणि जुन्या चामड्याचा वास येतो. भात्याला दोन-तीन झोके, आणि काळी दोन. तुम्ही त्याच वेळी बीप ८, एस सोडा. ऐका. दोन्ही सूर जुळल्यासारखे वाटतात, पण मध्ये काहीतरी वाँव-वाँव-वाँव असं हेलकावतंय. पेटी जुनी आहे, तिचे स्वर थोडे चढलेत. लेट एस = ३.१ करा, पुन्हा सोडा. हेलकावे सावकाश झाले. ३.२ करा. वाँऽऽव, मग तेही नाही. दोन आवाजांचा एक झाला. चार श्वास मानेवर थांबलेत. आबांनी डोळे मिटले.

तुम्ही आत्ता काय केलंत ते बघा. सुराच्या जागी अपूर्णांक लिहिलात आणि यंत्रानं तो मुकाट्यानं घेतला. खोक्यात स्पेक्ट्रमच्या मूळ पुस्तिकेची झेरॉक्स आहे, स्टीव्हन व्हिकर्स यांनी लिहिलेली. तिचं १९वं प्रकरण काढा. बीप शिकवता शिकवता त्यांनी माहलरच्या सिंफनीतला तुकडा दिलाय, आणि पुढं सहज सांगितलंय की भारतीय संगीतासारख्या संगीतात अर्ध्या स्वराहून लहान अंतरं असतात, तीही या आज्ञेला खुशाल देता येतात. इंग्लंडात बसलेल्या माणसाला आपली श्रुती आठवली होती. ती ओळ वाचून ज्याच्या अंगावर काटा येणार नाही, त्यानं हा लेख इथंच ठेवावा.

कारण पेटीला हेच जमत नाही. पेटीच्या सप्तकात पट्ट्या मोजून बारा, सारख्या अंतरावर. याच कारणासाठी १९४० पासून पुढची तीस वर्षं आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. त्याच्याही कितीतरी आधी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल बावीस श्रुतींच्या मागं लागले होते. १९१० मध्ये त्यांनी त्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं, आणि क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीनं श्रुतींची पेटीही घडवली गेली. केवढा खटाटोप, केवढी कारागिरी! आणि इथं आंबवड्यात, तेलाच्या डब्यावर, तुम्ही दशांशचिन्ह टाकून तेच करू शकता.

करा मग. आबांना गंधार वाजवायला सांगा. काळी दोन सा, तर पांढरी पाच गंधार. तुम्ही बीप २, एस + ४ द्या. तंतोतंत पेटीसारखा. आबा पुटपुटतात, "बराबर." आता त्यांना पेटी बाजूला ठेवून गळ्यानं म्हणायला सांगा. ते सा लावतात, वर चढतात, गंधारावर थांबतात. बीप २, एस + ४.

आबांच्या कपाळाला आठी.

"चढतोय रं. वाईच खाली घे."

हा क्षण नीट बघून ठेवा. पन्नास वर्षं पेटी वाजवलेला माणूस गळ्यानं गाताना पेटीच्या खाली गंधार लावतो, आणि त्याला ते कुणी शिकवलेलं नाही. ३.९ द्या. "अजून." ३.८ द्या. "आता पडला." ३.८६ द्या.

आबा काही बोलत नाहीत. पुन्हा म्हणतात, पुन्हा तिथंच थांबतात, आणि यंत्राचा सूर त्यांच्या सुरात मुरतो. आजी चहाचे कप घेऊन दारातच उभ्या राहिल्यात.

तो आकडा आला कुठून, ते यंत्रालाच विचारा. सा चार कंपनं करतो तेवढ्यात शुद्ध गंधार पाच करतो. म्हणून लिहा: प्रिंट १२ * एलएन (५/४) / एलएन २. उत्तर येतं ३.८६३१ आणि पुढं आणखी काही आकडे. एलएन म्हणजे लॉगॅरिदम, आणि गंमत बघा, तो कुठल्या कळेवर आहे? झेडवरच. बीपच्याच कळेवर. गणित आणि सूर एकाच बोटाखाली. पंचमाला दोनास तीन हे प्रमाण, तर ७.०२. रिषभाला आठास नऊ, २.०४. धैवताला तीनास पाच, ८.८४. झाला की भूप:

१० लेट एस = ३.२
२० फॉर आय = १ टू ६
३० रीड एन
४० बीप .५, एस + एन
५० नेक्स्ट आय
६० डेटा ०, २.०४, ३.८६, ७.०२, ८.८४, १२

रन. स्वर एकामागून एक चढत जातात. दोन स्वरांच्या मध्ये किंचित फट पडते, कारण पुढचा आकडा वाचायला यंत्राला वेळ लागतो. ती फट घालवायच्या मागं लागू नका. सारखा स्वर दोनदा आला तर तिच्यामुळंच तो दोनदा ऐकू येतो.

मींड मात्र या फटीमुळं अडते. सा ते गंधार .१ च्या पायऱ्यांनी फॉर-नेक्स्टमध्ये चढवा, प्रत्येक पायरी .०२ सेकंदाची ठेवा. सूर घसरत जातो खरा, पण आबा लगेच म्हणतील, "दाणं दाणं ऐकू येत्यात." त्यांचं खरं आहे. बेसिकमधून ते दाणे जाणार नाहीत. त्यासाठी मशीन कोडमध्ये उतरून स्पीकर स्वतः हलवावा लागतो. ते आज नको. आज कोमल स्वर, वक्र चाली आणि छोट्या मुरक्या एवढं निघालं तरी पोट भरेल. मुरकीला .०६ पुरतं, त्याहून लहान केलात तर नुसती खडखड.

ठेक्यासाठी दोन स्वरांमध्ये पॉज वापरा. पॉज ५० म्हणजे एक सेकंद. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा बोटांवर मोजा, जोरकस मात्रेला खालचा जाडा आवाज, बाकीच्यांना आखूड बीप. एक सांगून ठेवतो: पॉज चालू असताना कुणी कोणतीही कळ दाबली की पॉज तिथंच तुटतो. कांदा खाल्लेला पोरगा हे शोधून काढणार आणि दर आठव्या मात्रेला ठेका मोडणार. त्याला टाळ द्या हातात. टाळ आले की काम सोपं होतं. मग यंत्रानं ठेका धरायची गरजच उरत नाही, त्याला सुरावर ठेवा.

संध्याकाळ उतरते तसे घरोघरी दिवे लागतात आणि पडद्यावरचं चित्र कडेनं आक्रसायला लागतं. ही धोक्याची खूण ओळखा. वीज गेली की मेमरीतलं सगळं जातं, एक ओळ शिल्लक राहत नाही. टेपरेकॉर्डर जोडा. घरात कॅसेट एकच सापडेल, आबांच्या भजनांची. तिला हात लावू नका. तुमच्या पिशवीत कोरी आहे ती घ्या. मागचा प्लॅस्टिकचा दात मोडलेला असेल तर भोकावर चिकटपट्टी लावा, नाहीतर रेकॉर्डचं बटण खाली जाणारच नाही. सेव्ह करा, आणि पुढं टेप चालवून आणखी एकदा सेव्ह करा. मग गुंडाळून व्हेरिफाय. टीव्हीच्या कडांना करड्या पट्ट्या धावतात. रंगीत टीव्हीवर त्या लाल, निळ्या, पिवळ्या दिसतात, इथं तुम्ही मनानं रंग भरा. टेप लोडिंग एरर आला तर यंत्राला बोल लावू नका. टेपरेकॉर्डरचं हेड मळलेलं असतं. कापूस आणि स्पिरिट. आवाज पाऊणपर्यंत.

रात्री जेवणं झाल्यावर मंडळ जमतं. कंदील बाजूला ठेवलेला, पखवाजाला कणीक लावतायत, ओल्या पिठाचा वास आणि उदबत्ती. दहा-बारा माणसं दाटीवाटीनं बसलीत, गुडघ्याला गुडघा. आबांनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलंय की पाव्हण्याच्या यंत्रातून गळ्याचा गंधार निघतो. कुणाचा विश्वास नाही. रन करा.

भूप वाजतो. मागं बसलेले एक म्हातारे बुवा हात वर करतात. "ह्यो भूप. बरं. आता देसकार वाजवा."

स्वर तेच आहेत, तुम्ही म्हणाल. तेच आहेत, पण गवई सांगतात की देशकाराचा धैवत भूपाहून चढा असतो, राग धैवतावरच उभा. आबा मान डोलावतात, बुवा स्वतः धैवत लावून दाखवतात, दुसरा एकजण "एवढा न्हाई" म्हणतो, आणि सोप्यात बोलाचाली सुरू होते. तुम्ही गप्प बसून ६०वी ओळ काढा. सोळास सत्तावीस या प्रमाणाचा धैवत ९.०६ येतो. आधी ८.८४ ऐकवा, मग ९.०६. पुन्हा उलटं. बुवा दुसऱ्याला बोट दाखवतात. दुसरा म्हणतो, "मधला काढा, मधला." ८.९५ द्या. आता तिसराच कुणी उठून पुढं येतो, त्याला कळफलक जवळून बघायचाय. सरका थोडं, त्याला पाटापाशी जागा द्या, आकडे वहीत उतरवून ठेवा आणि बल्ब मंद व्हायच्या आत आणखी एकदा सेव्ह करा.